तिसऱ्या भागातली सही

३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला 'हं' एवढंच उत्तर येतं, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. पत्राला 'हं' म्हणायचं तरी पाकीट, तिकीट, पोस्टाची पेटी एवढा व्याप करावा लागेल.

पेन्शनचा फॉर्म मिळाला. पहिला भाग तू भरलास, दुसरा कॉलेजकडून भरून, शिक्का मारून आला. शिक्का फार स्वच्छ उमटलाय. आता तिसरा तेवढा राहिला, पालकाचा. 'वरील विद्यार्थिनी पूर्ण वेळ शिक्षण घेत असून ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.' त्याखाली मी सही करायची आणि फॉर्म ३१ तारखेच्या आत पेन्शन ऑफिसात नेऊन द्यायचा. उशीर झाला तर बाबांच्या मागे तुला मिळणारा हिस्सा बंद. तू अठराची झाल्यापासून दर ऑगस्टला ही धावपळ ठरलेली. तेविशीपर्यंत शिकत राहिलीस तर अजून तीन ऑगस्ट.

करीनच मी सही. पेनाचं टोपण काढलंही होतं, पण दुकानातून बोलावणं आलं. मालकांनी नवं यंत्र आणलंय, भिंग आपलं आपण घासतं. मला म्हणाले, "ताई, आता तुम्ही नुसतं बघायचं." मी म्हटलं, "चष्म्याच्या दुकानात दुसरं काय करतात?" हसले, पण पुढच्या महिन्यापासून माझे दोन तास कमी केलेत.

या वर्षी विषय कोणते घेतलेस? वर्ग सकाळी असतो की दुपारी? तुझी ती उंच मैत्रीण, जिला मी गोल फ्रेम बसवून दिली होती, ती अजून तुझ्याच वर्गात आहे ना? तिचा नंबर वाढलाय का, विचारून कळव. आणि पाकिटावरचा पत्ता नवीन दिसतो. खोली बदललीस तर सांगायचं होतंस. सामान हलवायला आले असते.

एक गोष्ट मनात आहे, लिहून टाकते. तू सात वर्षांची असताना मी या घरात आले. मला काय म्हणायचं हे तुझ्या बाबांनी तुझ्यावर सोडलं होतं. तू दोन दिवस विचार करून 'मावशी' ठरवलंस आणि लगेच 'मावशी, तू वेणी वाईट घालतेस' म्हणालीस. गेल्या वर्षापासून तू मला 'तुम्ही' म्हणतेस. मोठी झालीस, म्हणून असेल. पण 'तुम्ही' ऐकलं की वाटतं, माझ्यामागे दुसरंच कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी,
मावशी

ता. क. उत्तर लवकर पाठव. सही राहिली आहे.


१९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझा मेसेज मिळाला. 'सही करून टाका. प्रश्न नकोत.' पाच शब्द. त्यात मैत्रिणीच्या नंबरचं काही नव्हतं.

मग आता मीच सांगते. त्या दिवशी पेनाचं टोपण काढलं होतं हे खरं. दुकानातून बोलावणं आलं हे मात्र खोटं. मी शिक्क्यापाशी अडले होते. बावीस वर्षं भिंगांत काढलेल्या बाईला तू फॉर्म पाठवतेस, भिंगरी, याचा थोडा तरी विचार करायचास. रबरी शिक्क्याची शाई कागदात पसरते, कडेला मिशा फुटतात. दुकानातली भिंगाची डबी डोळ्याला लावून पाहिलं तर मिशा कुठेच नाहीत. सगळे बारीक बारीक ठिपके, छपाईयंत्राचे. मग गेल्या वर्षीच्या फॉर्मची प्रत काढली. त्यावरच्या शिक्क्यात खाली डावीकडे एक अक्षर शाई कमी पडून अर्धंच उमटलंय. या वर्षीही तेच अक्षर, नेमकं तेवढंच अर्धं. म्हणजे गेल्या वर्षीचाच शिक्का तू छापून घेतलास.

काल सोमवार, दुकान बंद. सकाळच्या बसने तुझ्या कॉलेजला गेले.

ऑफिसातल्या बाईंनी आधी दादच दिली नाही. "घरच्यांनाही माहिती देत नाही आम्ही. मुलगी सज्ञान आहे." त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता आणि त्या दर दोन शब्दांनी तो वर ढकलत होत्या. मला राहवेना. म्हटलं, "बाई, एक मिनिट द्या तो इकडे." पर्समध्ये पेचकस असतोच. नाकाजवळच्या गाद्या आवळून दिल्या, एक काडी जरा वाकवली. त्यांनी लावला, मान हलवून पाहिली, खाली वाकून पाहिली.

"घसरत नाही हो!"

"नाहीच घसरणार. आता सांगा."

त्यांनी रजिस्टर उघडलं नाही. त्यांना पाठच होतं. "हुशार होती मुलगी. ऑक्टोबरपासून आली नाही. तिच्या खोलीवर दोन पत्रं पाठवली, मग नाव कमी केलं. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "माहीत होतं. फक्त खात्री करायला आले." का म्हटलं, मला ठाऊक नाही. तुझ्या वतीने लाज वाटली की माझ्या, तेही कळलं नाही.

तिथून पाकिटावरच्या पत्त्यावर गेले. टायरच्या दुकानासमोरचं घर, तळमजला, खिडकीला पडदा नाही. तू आत होतीस. खुर्चीत एक बाई बसली होती, तिची मान एका बाजूला कललेली. तू तिला चमच्याने काहीतरी भरवत होतीस आणि दर घासाला ओठाची एक बाजू रुमालाने टिपत होतीस. घाई नाही, चिडचिड नाही. घरी तुला स्वतःचं ताट उचलून ठेवायचा कंटाळा.

मी ओळखलं तिला. तुझ्या पेटीतल्या त्या जुन्या फोटोवरून ओळखलं. तुला चार वर्षांची सोडून गेलेली तुझी आई.

मी समोर टायरवाल्याच्या बाकावर अर्धा तास बसले. त्याने दोनदा विचारलं, "गाडी कुठाय तुमची?" मग उठले आणि बस पकडली. दार वाजवायची छाती झाली नाही.

तू कॉलेज का सोडलंस ते कळलं. हिस्सा कशाला लागतो तेही कळलं. ती तुला कधी, कशी सापडली, ते मात्र नाही कळलं. पण फॉर्म घरी टेबलावर पडलाय आणि त्यावर 'खोटी माहिती दिल्यास शिक्षेस पात्र' असं ठळक छापलंय. सही केली तर आपण दोघी त्यात अडकतो. नाही केली तर तुमच्या दोघींच्या तोंडचा घास मी काढला असं होईल. बारा दिवस उरलेत. मी काय करू, तूच सांग. आणि मला का सांगितलं नाहीस, तेही सांग. मी नको म्हटलं असतं असं वाटलं का तुला?

मावशी


२७ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं उत्तर आलं. या वेळी पाचपेक्षा जास्त शब्द होते. 'आईचा पत्ता तुम्हाला बाबा जायच्या आधीपासून माहीत होता. आईनेच तुटक तुटक सांगितलं मला. तुम्ही तोही फॉर्म भरला होतात ना? मग सह्यांचं मला शिकवू नका.'

दोन दिवस मी ते वाचत होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, चला, बरं झालं. कोणीतरी बोललं एकदाचं.

फोटोवरून ओळखलं असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं नाही. बाबा गेले त्याच्या आठ महिने आधी ती दुकानात आली होती, वाचायचा चष्मा करायला. नाव सांगितलं तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या कार्डावरून मान वर करून पाहिलं. तिने पत्ता सांगितला, तेव्हाचा, आपल्याच शहरातला, मी लिहून घेतला. माझ्याच अक्षरात. फ्रेम बसवताना तिच्या कानामागे माझी बोटं होती आणि ती आरशातून माझ्याकडे बघत होती. शहरात चष्म्याची इतकी दुकानं असताना ती आमच्याकडेच का आली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो. मला वाटतं, आपल्या मुलीला कोण वाढवतंय ते बघायला आली होती. आम्ही दोघींनी एकमेकींना ओळखलं आणि दोघींनी 'पंधरा दिवसांनी या' आणि 'बरं' यावर भागवलं. घरी बाबांनाही मी बोलले नाही.

मग बाबा गेले. जमीन मोजणी खात्यातला माणूस, उभ्या आयुष्यात कोणाच्या बांधावर एक पाऊल इकडेतिकडे पडू दिलं नाही आणि स्वतः सकाळी बूट घालता घालता कोसळला. तू सोळाची होतीस. पेन्शनच्या अर्जात एक रकाना होता. 'मुलीची जन्मदाती आई हयात असल्यास तिचा पत्ता.' खिडकीतला कारकून म्हणाला, "पत्ता दिलात तर त्यांना नोटीस जाईल. मुलगी अठराची होईपर्यंत तिच्यावर पहिला हक्क त्यांचा."

मी लिहिलं, 'माहीत नाही.' कार्ड दुकानाच्या कपाटात होतं.

ती तुला घेऊन जाईल अशी भीती वाटली. एवढंच. तुझ्या भल्याचा वगैरे विचार मी नंतर जुळवला. त्या दिवशी तूही घरात नसशील, एवढंच दिसत होतं. माझ्या त्या दोन शब्दांमुळे तिला बाबा गेल्याचं कळलंच नाही. तुला आई चार वर्षांपूर्वी, धडधाकट असताना मिळाली असती, ती लकवा झाल्यावर मिळाली. हे मी केलं. तू विचारलंस 'तोही फॉर्म भरला होतात ना'. हो, भरला होता.

काल अर्ध्या दिवसाची रजा काढून पेन्शन ऑफिसात गेले. तू पाठवलेला फॉर्म मी दिला नाही. त्याऐवजी साध्या कागदावर लिहून दिलं की मुलीचं शिक्षण गेल्या ऑक्टोबरात थांबलं, कारण घरात गंभीर आजार. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "बाई, फॉर्म आला नाही की आम्हीच बंद करतो. ऑक्टोबर कशाला सांगताय? मधल्या महिन्यांची वसुली लागेल."

"लागू दे. माझ्या पेन्शनमधून कापा."

"विचार करा."

"केलाय. अजून एक कागद आहे."

तो दुसरा कागद माझा होता. चार वर्षांपूर्वी पत्ता माहीत असून माहीत नाही असं लिहिलं, हे कबूल केलेला. त्यांनी वाचला, परत वाचला, आत मोठ्या बाईंकडे घेऊन गेले. मी बाहेर बाकावर बसले. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली. पाऊण तासाने मोठ्या बाईंनी बोलावलं. ओरडल्या नाहीत, त्यानेच जास्त घाबरले. म्हणाल्या, "चौकशी होईल. पत्र येईल. काय होईल ते मी आज सांगू शकत नाही." मग कागद फाइलला लावत म्हणाल्या, "मुलगी परत कॉलेजात गेली तर नवा फॉर्म आणा. तेवीसपर्यंत पुन्हा सुरू होतो."

तर तुझा हिस्सा बंद झालाय. तुला न विचारता मी तो बंद केला. रागाव. रागावायला तुला जागा आहे. पण तुझ्या त्या शिक्क्याबद्दल मी कोणाला चकार शब्द बोलले नाही. तो फॉर्म या पाकिटात घातलाय. तू फाड. मी फाडला असता तर ते तुझ्यावर उपकार केल्यासारखं झालं असतं.

कॉलेजातल्या चष्म्याच्या बाईंना आज फोन केला. दुसऱ्या वर्षाला परत नाव घालायची मुदत १२ सप्टेंबरपर्यंत आहे. सोमवारी माझं दुकान बंद असतं आणि तास कमी केल्यामुळे गुरुवारी दुपारीही मी मोकळी असते. या दोन दिवशी मी तिच्यापाशी बसेन. बाकीच्या दिवसांचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही, तुला काही सुचत असेल तर बघ. भरवणं मला जमेल. कूस बदलणं तू दाखव.

हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल. मी सोमवारी सकाळच्या बसने निघते, दहापर्यंत दारात असेन. दार उघडलं नाहीस तर टायरवाल्याच्या बाकावर बसेन, त्याची माझी आता ओळख आहे. पण तू तिला आधी सांगून ठेव, कोण येतंय ते. मी काय केलं ते मात्र सांगू नकोस. तिला नीट बोलता येत नसलं तरी ऐकू येतं ना? ते मला माझ्या तोंडाने सांगायचंय, तिच्यासमोर बसून.

येते.

मावशी