पाळण्याला साजेसं सॉफ्टवेअर

१६ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात भाग्यश्री लिहिणार. अक्षर तिचं, अक्कल माझी. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.
बेंबळीत भीमजयंतीच्या मिरवणुकीत चाळीस वर्षं पाळणा मीच म्हणते. औंदा गुडघे म्हणाले, आम्ही येत नाही. तर गुडघे घरी राहतील, आवाज जाईल. पाळणा रेकॉर्ड करून ट्रॅक्टरवरच्या स्पीकरला लावायचा. समितीचे ज्ञानोबा म्हणाले, दहा एप्रिलपर्यंत फाईल द्या, नाहीतर शिवकांता म्हणंल. शिवकांता चाळीस वर्षं माझ्या मागं म्हणते. मागंच बरी आहे.
निश्चय: आठ दिवसांत काम फत्ते.

१८ मार्च
भाग्यश्रीच्या जुन्या लॅपटॉपात लिनक्स आहे, लॅपटॉप चालवणारं सॉफ्टवेअर. फुकट, आणि एकाच्या मालकीचं नाही. आपल्या विहारासारखं, ज्यानं त्यानं चार विटा लावल्या. पण त्यात डेस्कटॉपच, म्हणजे पडद्यावरची मांडणी, चार-पाच तऱ्हेचे. एक लई देखणा, खिडक्या लवलवत उघडतात. तोच निवडला. भाग्यश्री म्हणाली, यानं लॅपटॉपला धाप लागंल. मला सत्तरीत लागत न्हाय, त्याला कशी लागंल?

१९ मार्च
लागली. पंखा असा घरघरतोय की रेकॉर्डिंगमध्ये पिठाची गिरणी ऐकू येते. देखणं सोडून एक्सएफसीई नावाचं दुसरं घेतलं. दिसायला साधं, खायला कमी. भाग्यश्रीला म्हणाले, सूनसुद्धा मी अशीच बघून निवडली होती. सून स्वयंपाकघरात होती.
दुपारी चहा आला नाही.

२३ मार्च
आता आवाजाचं सॉफ्टवेअर. भाग्यश्री म्हणते, एका आवाजाला ऑडेसिटी नावाचं साधं सॉफ्टवेअर पुष्कळ. माझा आवाज एका आवाजात बसतो का? आर्डर नावाचं मोठं, पुष्कळ आवाजांचं सॉफ्टवेअर घेतलं.

२४ मार्च
ऑडेसिटी घेतलं. आर्डरला फार बटणं. वाईट नाही, पण माझ्या स्वभावाला साधेपणा मानवतो.

२७ मार्च
माईकपुढं बसले. कानाला हेडफोन. मी ओळ म्हटली की कानात तीच ओळ मागून येते. म्हटलं, झकास सोय केलीय. आमच्या पाळण्याच्या मंडळाची रीतच आहे, पुढचीनं ओळ म्हणायची, मागच्यांची होईपर्यंत थांबायचं. मी थांबले. मी थांबले की तीही थांबायची. चार मिनिटांचा पाळणा सात मिनिटांचा झाला, तोही दोनच कडव्यांत.
भाग्यश्री म्हणाली, मागं कुणी न्हाय आजी, तुमचाच आवाज उशिरा येतोय, त्याला लेटन्सी म्हणतात. कुणी का असेना, बाई सुरात होती.

२ एप्रिल
भाग्यश्रीनं सेटिंग बदलून बदलून उशीर काढला. मागून आता कुणी येत नाही. दुसरं कडवं झालं आणि मला तहान लागली. पाणी प्याले, तर खुर्ची टोचायला लागली. खुर्ची बदलली, तर घड्याळाची टिकटिक. घड्याळ उतरवलं. तिसरं कडवं काही आलं नाही.
कारण: सॉफ्टवेअर.

५ एप्रिल
नवा निश्चय: वेगळा डेस्कटॉप बघायचा. भाग्यश्रीनं विचारलं, तिसरं कडवं तुम्हाला येतं ना? हे लिहू नको म्हणाले. लिहिलंच.

८ एप्रिल, दुपारी
शिवकांताला बोलावलं. फक्त माईक तपासायला. माईक तिच्याकडं मीच सरकवला. ती सवयीनं माझ्या मागं टेकून ओळी म्हणू लागली, माईक तिच्याच तोंडापुढं राहिला. दुसरं कडवं संपलं, मी दम घेतला, आणि तिनं तिसऱ्याचा पहिला शब्द हळूच माझ्या कानाशी सोडला. पुढचं सगळं धडाधड आलं. शेवटपर्यंत.
लाल बटण बंद झाल्यावर विचारलं, "हा शब्द तू कधीपासून सांगतीस?"
म्हणाली, "सून होऊन गावात आले तवापासून, अक्का."
मग सून चहा घेऊन आली. बरं झालं.
भाग्यश्री म्हणाली, तेवढा शब्द कापता येतो, कुणाला कळणार न्हाय. राहू दे म्हणाले. मला कापाकापी पसंत नाही.

१० एप्रिल
फाईल ज्ञानोबांकडं पोचली. ठरल्या दिवशी. माझं काम असं असतं.

१४ एप्रिल, संध्याकाळी
दारात खुर्ची टाकून बसले. ट्रॅक्टर आला, पाळणा सगळ्या गल्लीनं ऐकला. तीन बाया मुद्दाम थांबल्या. म्हणाल्या, औंदा शिवकांतानं काय पाळणा म्हटला, आणि तिच्या मागं तुमी पण छान साथ दिली.
दोष सॉफ्टवेअरचा. भाग्यश्रीला म्हणाले, आर्डर परत टाक. ती म्हणाली, टाकते, पुढच्या साली दोन माईक लावले की त्यात दोघींचे आवाज वेगळे ठेवता येतात, हवा तो वर, हवा तो खाली.
जरा विचार केला. नको म्हणाले. ऑडेसिटीच बरं.
मागून म्हणायलाही अक्कल लागते. ती मला उपजतच आहे.