अकरा घड्याळं आणि एक ट्रॉली

२ नोव्हेंबर
सिनेमॅटोग्राफीच्या क्लासला फायनलसाठी दोन मिनिटांची फिल्म करायची आहे. विषय ठरला: बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कारण निव्वळ तांत्रिक. लोकेशन फुकट आहे आणि तीस तारखेला मालकाला परत द्यायचं आहे. बाबा ऑगस्टमध्ये गेले, त्याच्याशी याचा संबंध नाही. मी भावनिक माणूस नाही.

साहित्य: कोपऱ्यात तडा गेलेला फोन, आईची पांढरी चादर (रिफ्लेक्टर), गॅस सिलिंडरची चाकांची ट्रॉली. पुष्कळ झालं.

५ नोव्हेंबर
ट्रॉली शॉट. मी फोन घेऊन बसलो, ताईने ढकललं. ती म्हणाली, तू सिलिंडरपेक्षा जड आहेस, आणि उपयोगही कमी. कलाकारांना घरातूनच विरोध होतो. फुटेजमध्ये टेबलाचे पाय छान आलेत. फक्त पायच आलेत.

८ नोव्हेंबर
सरांना तुकडे जोडून दाखवले. ते म्हणाले, पहिल्या शॉटमध्ये भिंतीवर सव्वाअकरा, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात पुन्हा साडेअकरा. काळ मुद्दाम उलटा चालवलाय का? मी हो म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा प्रभावित झाले.

तरीही उपाय करतो. भिंतीवर अकरा लंबकाची घड्याळं आहेत. सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर बंद करायची. कंटिन्युइटीचा प्रश्न मिटला.

९ नोव्हेंबर
बंद केली. टिकटिकही गेली, साउंड एकदम स्वच्छ. दुकान इतकं शांत कधीच नव्हतं. शेवटचा लंबक धरला तेव्हा डोळ्यांत काहीतरी गेलं. धूळ. शूटिंग रद्द.

१३ नोव्हेंबर
गेलो तर अकराही घड्याळं चालू! वेळही बरोबर. रस्त्यावरच्या ट्रकांच्या हादऱ्याने लंबक सुरू झाले असणार. बाबांची दुरुस्तीच तशी. पुन्हा बंद केली.

२० नोव्हेंबर
पुन्हा चालू. ट्रक नव्हेत, घातपात. मालकावर संशय. माझी फिल्म होऊ नये असं कुणाला तरी वाटतंय, म्हणजे ती चांगली होणार.

२६ नोव्हेंबर, गुरुवार
सापळा. सकाळी घड्याळं बंद केली, फोन रेकॉर्डिंगवर टाकून फळीवरच्या सुट्या भागांच्या डब्यामागे लपवला आणि चहाला गेलो. पाऊण तासाने येऊन पाहतो तर घड्याळं चालू आणि फोनवर एक्केचाळीस मिनिटांचा काळा पडदा. लेन्स डब्याला चिकटली होती. दोन मिनिटं पाहिलं, नुसता अंधार. फाइलला नाव दिलं ‘बेकार १’.

टेबलावर आईचा चष्मा सापडला. झाडायला आली असेल. तिला विचारायला हवं होतं, मालक दिसला का म्हणून.

२८ नोव्हेंबर
शूटिंग पूर्ण! सगळीकडे दहा-दहा. ताई ट्रॉली ढकलताना म्हणाली, बाबा असते तर तुला आधी दुकानाबाहेर काढलं असतं. तिला संकल्पना कळत नाहीत.

३० नोव्हेंबर
दुकान दिलं. घड्याळं बाबांचे कारागीर मित्र घेऊन गेले. घड्याळांच्या चाव्यांचा जुडगा आई त्यांना देईना. त्यांनीही मागितला नाही.

४ डिसेंबर
घरी प्रीमियर. आई आणि ताई, दोघी पुढच्या रांगेत (सोफा). दोन मिनिटं आई हललीसुद्धा नाही. मला वाटलं, जिंकलो. फिल्म संपली तशी तिने विचारलं, हे कुणाचं दुकान रे?

मी समजावलं: थांबलेला काळ, शांतता. ती म्हणाली, तुझ्या बाबांनी एक घड्याळ कधी बंद राहू दिलं नाही, ताप असला तरी दर गुरुवारी जाऊन चावी द्यायचे. आणि भांडी घासायला निघून गेली.

फोनने आपोआप पुढची फाइल लावली. ‘बेकार १’. काळा पडदा, बंद दुकानाची शांतता. मी बंद करणार होतो, पण ताईने हात धरला. तिसऱ्या मिनिटाला दार वाजलं आणि आईचा आवाज आला: कोण मेला बंद करतो ही रोज? सापडू दे, कान उपटते. मग चावीचा करकर आवाज, एक घड्याळ चालू. दुसरं. तिसरं. सातव्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, अहो, ही चावी फार घट्ट झालीय, तुम्हीच बघा. पुन्हा करकर. मग म्हणाली, बरं, फिरली.

खरी आई ओल्या हातांनी येऊन सोफ्यावर बसली होती. एक्केचाळीस मिनिटं. अकराही घड्याळं चालू.

संपल्यावर तिने माझा कान धरला, उपटला, आणि म्हणाली, हा पिक्चर चांगला आहे, दर गुरुवारी लाव.

सरांना हाच पाठवतो. दिग्दर्शन माझंच, फोन मी ठेवला होता.

दुकान गेलं, पण धूळ घरातही आहे असं दिसतं. ताईच्याही डोळ्यांत गेली. उद्या झाडून घेतो.