यझदीची खांदशेकणी

अमरावती,
४ सप्टेंबर

चि. बंडू (वय वर्षे एकसष्ट) यास अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे मी क्षेम आहे. म्हणजे स्वतः शिजविलेली खिचडी दोन्ही वेळा खाऊन मनुष्य जितका क्षेम राहू शकतो, तितका. अकोल्यास तुझ्या गुडघ्याचे कसे काय आहे ते कळवावे. तुझ्या जिभेचे वर्तमान कळविण्याचे कारण नाही. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांनी वाचले असून त्याखाली हसण्याची चित्रेही चिकटविली आहेत. (साधनाने तर रांगच लावली. ती माझी सख्खी पुतणी आहे!)

तू लिहिलेस, ‘पोळ्याले भाऊजीनं गाडीचे खांदे तुपानं शेकले अन् मूर्तिजापूरपाशी गाडी बसली.’ या एका ओळीत सत्य शोधू गेल्यास केवळ ‘तूप’ हाती लागते. पहिली गोष्ट, खांदे मी शेकलेले नाहीत. दुसरी, गाडी तुपामुळे बंद पडलेली नाही. तिसरी, बसतो तो बैल. मोटारसायकल बंद पडते.

आता घडले ते क्रमाने ऐक. शेत ठेक्याने दिल्यापासून आमच्या दारी बैल नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तुझी बहीण वच्छला हिवरखेडच्या शेतकऱ्याची लेक. कष्ट करणाऱ्या जिवाची पूजा न होता पोळा कोरडा जावा, हे तिला मानवेना. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे शेकतात त्या मुहूर्तावर, तिने तूप-हळद कोमट केली, पळसाची पाने मागविली आणि अंगणात यझदीपुढे उभी राहिली. मोटारसायकलीचे खांदे कोणते, हा प्रश्न मी उपस्थित केला. (तो योग्यच होता.) वच्छला म्हणाली, ‘जिथं जोर लागते तिथं खांदा.’ जोर इंजिनाला लागतो, तेव्हा इंजिनाच्या दोन्ही कुशी हेच खांदे ठरले. मी सुचविले की वरून हात फिरव. त्यावर, ‘झुलीवरून कोनी शेकते का?’ असे मलाच ऐकावे लागले. इंजिनाचे झाकण मी उघडले, हे मान्य. पण झाकण उघडणे आणि खांदे शेकणे या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढे तुझ्या वयात समजावयास हवे. नंतर तिने तूप-हळद चोळली, आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून गाडीस रीतसर आमंत्रण दिले. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्यही दाखविला. माझ्या ताटात एक पोळी कमी आली, ती कोठे गेली हे मी विचारले नाही.

त्या उजव्या झाकणाखाली काय होते? तुझी करणी! माझ्या यझदीत जन्मापासून ठिणगी पाडणारे पॉइंट होते. महिन्या-दोन महिन्यांनी ते काचकागदाने घासावे, फट पाहावी, की ठिणगी चोख. तू अकोल्याहून आलास, ‘भाऊजी, हे जुनाट सोडा, आता जिंदगीभर घासनं नाई,’ असे म्हणून ते उपटलेस आणि त्या जागी कोण्या निनावी कारखान्याचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविलेस. त्याचा तो काळा डबा! थंड असताना सज्जन. तापला की ठिणगी देणे बंद. गार होईतो झाडाखाली उभे राहा, मग पुन्हा दहा-बारा किलोमीटर सज्जन. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तुमच्या आखजीला, तिवशाच्या रस्त्यावर भर उन्हात त्याने मला असेच उभे केले होते. तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, पेट्रोलमध्ये कचरा असेल. कचरा होता, बंडू. पण तो पेट्रोलमध्ये नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही दोघे तुझ्याकडेच निघालो होतो. बडनेऱ्यापुढे गाडी एकदा बंद पडली, मग दुसऱ्यांदा, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, किक मारून पायात गोळा आला होता आणि शिंगे रंगविलेल्या बैलांची जोडी आमच्याकडे पाहत शेजारून निघून गेली. त्या क्षणी माझ्या तोंडून एक वाक्य निघाले. ‘हे सारे तुझ्या तुपाचे फळ आहे.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

 वच्छलाने पिशवी उचलली, मागून येणाऱ्या अकोल्याच्या एस.टी.ला हात दाखविला आणि पायरीवरून एवढेच म्हणाली, ‘तुमी गाडीले शुद्ध भाषेत समजावा, म्हंजे आयकीन.’ वाहकाने घंटी वाजविली. एस.टी.तले लोक हसत होते. गाडीने ऐकले नाही. मी मालवाहू टेम्पोत गाडीशेजारी बसून अमरावतीस परतलो. (तान्हा पोळा असल्याने वाटेत लाकडी बैल ओढत निघालेल्या मुलांना टेम्पोत बैल आहे असे वाटले व त्यांनी डोकावून पाहिले.)

तू विचारशील, तूप निर्दोष कशावरून? अय्युब मिस्त्रीने तो डबा काढून स्वतःच्या यझदीला लावला. त्या यझदीस कोणीही आवतण दिलेले नव्हते. तीही बडनेऱ्यापुढे तशीच बंद पडली. गाडी ढकलत आणल्यामुळे तो माझ्यावरच उखडला. ‘काका, आखजीलेच म्हनलो होतो ना, डब्बा मरून राहिला म्हनून? तूप बेचारं काय करते? काकूले काहून बोलले मंग?’ मी त्यास म्हटले की तू इग्निशनपुरते बोल. तो म्हणाला, ‘तेच तं बोलून राहिलो.’

तात्पर्य, तो डबा मी कायमचा काढविला आहे. पॉइंट पुन्हा बसवावयाचे आहेत.

तुझा भाऊजी,
मनोहर

ता. क. जुने पॉइंट आणि कंडेन्सर तू ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून अकोल्यास नेलेस. ते त्वरित पाठवावेत. टपालाने नको, कुरिअरने नको, आणि तू स्वतः तर मुळीच येऊ नकोस. घरच्याच विश्वासू माणसाच्या हाती पाठवावेत. असे माणूस सध्या तुझ्याकडे एकच आहे.

ता. क. २. ती ‘नाही’ म्हणाली, तर अय्युबचे म्हणणे तिच्या कानी घाल. स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात वाच. माझे नाव घेण्याची आवश्यकता नाही. घेतल्यास हरकत नाही.

ता. क. ३. तू गटावर लिहिलेल्या तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात:

डबा बसविला: तू लिहिलेस होळीला. बरोबर: गुढीपाडवा, ३० मार्च.

डबा प्रथम बिघडला: तू लिहिलेस पोळ्यानंतर. बरोबर: आखजी, ३० एप्रिल.

तूप लावले: तू लिहिलेस पोळ्याला. बरोबर: खांदशेकणी, २१ ऑगस्ट. म्हणजे बिघाडानंतर. (हे दोनदा वाचावे.)

वच्छला आली: तू लिहिलेस पोळ्याला माहेरपणासाठी. बरोबर: तान्हा पोळा, २३ ऑगस्ट; आणि माहेरपणासाठी नव्हे.

वच्छला परत येणार: तू लिहिलेस महालक्ष्म्या झाल्या की. महालक्ष्म्यांचे विसर्जन २ सप्टेंबरला झाले. आज ४ तारीख आहे.