एका माणसासाठी गाडी

कोपनहेगन, ८ सप्टेंबर

ती. बोडिलताईस,
शि. सा. न. वि. वि.

जॅमची बरणी पोचली आणि पोचली त्याच दिवशी संपली, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी सध्या युद्धावर आहे. रणभूमी म्हणजे इंटरनेटवरचा तो रेल्वे-रस्त्यांचा चर्चागट, आणि विषय, योगायोग बघ, आपलं हेडेगोर. तुझ्या घरामागचा थांबा वसंतात बंद करायचं रेल्वे कंपनीच्या मनात आहे, कारण तिथे गाडी सहसा थांबतच नाही. मी लिहिलं, खुशाल बंद करा. फलाटावरच्या खांबाची चकती फिरवली तर गाडी थांबते. चकती कोणी फिरवत नाही. अर्थात तिथे प्रवासी नाही. दिसत नाही म्हणजे नाही, हे संस्कृत तर्कशास्त्रातही प्रमाण मानलेलं आहे, असंही वर ठोकून दिलं. त्याला पसंतीचे अंगठे भरपूर मिळाले. मग एकजण म्हणाला, खेडोपाडी बिनचालकाच्या मोटारी सोडा. दुसरा म्हणाला, माणसं ड्रोननेच उचला. सगळे उत्तरपक्ष, पूर्वपक्ष ऐकायला कुणी रिकामा नाही.

वाद चव्हाट्यावर आणि माया टपालात, हा आईचा नियम मी पाळतोच आहे. तुझी ती खटारा मोटार काय म्हणते? विकून टाक म्हणून मी कधीचा सांगतोय.

लोभ आहेच, या पत्राने तो घटल्यास उलट टपाली कळवणे.

तुझा,
अस्गर

हेडेगोर, १४ सप्टेंबर

चि. अस्गर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. (तू चोपन्न वर्षांचा झालास तरी चिरंजीवच. वागणूक बघून ठरवलंय.)

मोटार विकली. तुझं ऐकून नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की समोरचं दिसतंय तेवढ्यावर समाधान माना, कडेचं गेलं ते आता परत येत नाही. वाहन चालवायचा परवाना गेला. तुला आधी कळवलं नाही, कारण तू लगेच उपाय सुचवत बसला असतास.

तेव्हा तू ज्याला शून्य म्हणतोस, त्या शून्यात तुझी बहीण आहे. शहरातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी अजून काही वर्षं तरी सोडायची नाही. हल्ली गाडी पकडायला पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंत चालत जाते, पण हिवाळ्याच्या अंधारात, ट्रकांच्या शेजारून, ते जमायचं नाही. थांबा गेला तर हे घर विकून शहरात दोन खोल्या बघायच्या. दलाल नोव्हेंबरच्या अखेरीस फोटो काढायला यायचाय. इथला वारा फोटोत ऐकू येत नाही, हे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बरंच आहे, असं म्हणाला.

रडगाणं नाही हे. कंपनीला मी खरमरीत पत्र टाकलं. नोव्हेंबरभर शेवटची मोजणी करू, असं उत्तर आलंय. लढायला महिना मिळाला. तू ऑक्टोबरात माझ्या वाढदिवसाला ये. आगगाडीने ये, आणि हेडेगोरलाच उतर. निदान एक प्रवासी तरी दिसू दे.

लोभ घटलेला नाही. फक्त त्याला जरा वेळ उभं राहायची शिक्षा केली आहे.

तुझी ताई,
बोडिल

कोपनहेगन, १३ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., या वेळी साष्टांग खरोखरीचा.

परवा तुझ्या वाढदिवसाला मी तासभर उशिरा, नखशिखांत भिजून आलो, आणि उतरणाऱ्याने गाडी थांबवायला दाबायचं ते डब्यातलं बटण बिघडलं होतं असं सांगितलं. तू टॉवेल दिलास. बटण ठणठणीत होतं. मी ते दाबलंच नाही.

हेडेगोर जवळ आलं तेव्हा डब्यात आम्ही बरीच माणसं होतो, आणि उतरणारा मी एकटा. या सगळ्यांना माझ्यापायी खोळंबा? बोट बटणापर्यंत गेलं आणि परत खिशात आलं. तू फलाटावर हात हलवत उभी होतीस. मीही खिडकीतून हात हलवला, आणि निघून गेलो. गटात ज्याच्या तर्काला अंगठे मिळाले तो पंडित हाच.

मोठ्या स्टेशनावरून पावसात परत चालत येताना तुझा शेजारी क्रेस्टेन सायकल ढकलत भेटला. त्याला विचारलं, की बाबा, घराजवळ थांबा असताना इतक्या लांबून का येतोस? त्याने सायकल उभी केली. म्हणे एवढं लोखंडाचं धूड एका म्हाताऱ्यासाठी थांबवायचं, हे शोभतं का? मोठ्या स्टेशनावर ते तसंही थांबतंच. मग म्हणाला, की पलीकडची इंगरही तेच करते, आणि तुमची बहीणसुद्धा.

आता माझी चूक कळली. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ या प्रमाणाला एक अट असते: असतं, तर दिसलंच असतं. आपल्या इकडच्या, पश्चिम युलंडच्या माणसाला ही अट लागू पडत नाही. तो असतो, आणि दिसू नये याची काळजी घेतो.

हे सगळं मी गटात लिहिलं. मला भावनाविवश ठरवण्यात आलं. ड्रोनवाल्याने तर तुला नेण्यासाठी ड्रोन केवढा लागेल त्याचा हिशेब मांडला. तुझं वजन मी सांगितलेलं नाही.

एकच विचारतो. तू फलाटावर होतीस, चकती हाताशी होती. तू का नाही फिरवलीस?

लोभाची याचना करायचं तोंड नाही, तरी करतो.

तुझा,
अस्गर

हेडेगोर, ३० नोव्हेंबर

चि. अस्गर यास,
अनेक आशीर्वाद, पैकी एक राखून ठेवलाय.

नाही फिरवली, कारण मला कुठे जायचं होतं? न जाणाऱ्या बाईने गाडी अडवायची म्हणजे काय. आपण दोघं एकाच आईची लेकरं, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

मोजणी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. सांगितलं, की उद्यापासून गाडी थांबवायची. इंगरने विचारलं, सगळे मिळून एकाच गाडीला जाऊ या का, म्हणजे एकदाच त्रास. मी म्हटलं, नाही, ज्याने त्याने आपापल्या वेळेला, एकेकट्याने. क्रेस्टेन म्हणाला की यापेक्षा दात काढून घेणं सोपं. पण केकचा दुसरा तुकडा घेतला, म्हणजे त्याचा होकार होता.

पहिल्या दिवशी मी चकती फिरवली. गाडी थांबली. चालकाने डोकं बाहेर काढून विचारलं, की अजून कोणी यायचंय का. मी म्हटलं, नाही, एकटीच. तो म्हणाला, मग बसा की. आत गेले, तर एकानेही मान वर केली नाही. आपण जन्मभर ज्या नजरांना भ्यालो, त्या सगळ्या मोबाइलात होत्या.

त्यानंतर रोज थांबवते. क्रेस्टेनही थांबवतो, थांबवल्यावर गाडीची माफी मागतो, पण चढतो. मोजणी आज संपली. निकाल जानेवारीत लागेल. तो काहीही लागो, मी चकती सोडणार नाही. दलालाला कळवलं, फोटो काढायला येऊ नको.

आणि हे खास तुझ्या गटासाठी. काल गारठ्याने चकती जाम झाली, काही केल्या फिरेना. मी नुसतीच उभी होते. गाडी तरीही थांबली.

लोभ पूर्ववत. उभं राहायची शिक्षा माफ.

तुझी ताई,
बोडिल

ता. क. नाताळला येशील तेव्हा बटण तू दाबायचंस. मी चालकाला सांगून ठेवणार नाही.