भानुदास शेलार यांना एक वाक्य सांगू देण्याबाबत

प्रति,
मा. श्री. सत्यजित कारखानीस,
संचालक तथा गोपनीयता अधिकारी,
समीक्षा रिसर्च सर्व्हिसेस,
ऊद मेथा, दुबई.

विषय : कामाच्या ओघात कानावर आलेली गोपनीय बाब एका व्यक्तीस एका वाक्यात कळविण्याची परवानगी उद्या, शुक्रवारी, सकाळी दहाच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले मराठी भाषा दिनाचे परिपत्रक (मराठी कर्मचाऱ्यांनी संचालकांकडचे अर्ज मराठीतच करावेत).
२) श्री. उपेंद्र सर, विभागप्रमुख, यांचा कालचा तोंडी आदेश (हा विषय खलास).

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ऋता जगदाळे ही मूळची साताऱ्याची. पुण्यात जर्मन शिकली, म्हणून आपल्या कार्यालयात सहा वर्षे ऑस्ट्रियाचे टेबल सांभाळते. त्या देशात नोकरीविषयक कायद्याचे काम करणाऱ्या अग्रगण्य वकील फर्म कोणत्या, याची मार्गदर्शिका आपण दरवर्षी तयार करून देतो. अर्जदार त्या फर्मच्या अशिलांना फोन करते, तुमचे वकील कसे आहेत ते विचारते, आणि त्यावरून कोण पहिल्या श्रेणीत, कोण दुसऱ्या, ते ठरते. आपणांस हे ठाऊक आहेच. तरी अर्ज दुसऱ्या कोणाच्या हाती गेला तर त्यालाही कळावे म्हणून लिहिले.

२. गेल्या सोमवारी व्हिएन्नातील एका फर्मसाठी अर्जदाराने लिंझ येथे फोन लावला. सदर फर्म यंदा दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत येऊ पाहते. फोनवर त्यांच्या अशील कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या बाई होत्या. बाई बोलक्या. वकिलांचे कौतुक करता करता त्यांनी उदाहरणच दिले. कंपनीची आखातात एक फॅब्रिकेशनची शेड आहे, ती बंद करायची आहे, सगळी कागदपत्रे वकिलांनी इतकी चोख तयार केली आहेत की कोठे चिमटीत सापडायचे नाही. कामगारांना बकरी ईदच्या सुट्टीनंतर सांगणार. तोवर कोणाला कानोकान खबर नाही. अर्जदाराने सवयीने विचारले, शेड कोठे आहे. बाई म्हणाल्या, अबू धाबी, मुसफ्फा.

३. त्या शेडमध्ये श्री. भानुदास शेलार वेल्डिंगचे फोरमन आहेत. ते अर्जदाराची थोरली बहीण सुलभाताई हिचे यजमान, म्हणजे अर्जदाराचे दाजी. अर्जदार या वाळवंटात उतरली तेव्हा विमानतळावर घ्यायला हाच माणूस आला होता, हातात पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. हे अर्जात बसत नाही, पण खोडणार नाही.

४. दाजींना इथल्या जबल अली भागातल्या एका कारखान्याने सुपरवायझरची जागा देऊ केली आहे. हो की नाही ते उद्या शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचे आहे. दाजी नाही म्हणणार आहेत. त्यांनी नाही म्हटले तर ती जागा जाईल, ईदनंतर मुसफ्फाचीही जाईल, आणि इथे थाटायच्या ज्या घरासाठी सुलभाताईने साताऱ्याच्या शाळेतली नोकरी सोडली, लेक मिहिकाचे नाव तिथल्या शाळेतून काढून इथे घातले, ते घर लागण्याआधीच मोडेल. या अर्जात पणाला लागले आहे ते एवढेच.

५. नाही का म्हणणार, तेही सांगणे भाग आहे. मागील वर्षीच्या मार्गदर्शिकेत अर्जदाराने याच फर्मविषयी लिहिले होते की मनुष्यबळाचे नाजूक प्रश्न माणुसकीने हाताळण्यात या वकिलांचा हात कोणी धरू शकणार नाही. कंपनीने ते वाक्य फ्रेम करून मुसफ्फाच्या मेसमध्ये लावले, इंग्रजीत आणि खाली हिंदीत. दाजी रोज त्याच्याखाली बसून जेवतात आणि शेजारच्यांना सांगतात, हे आमच्या मेहुणीने लिहिलंय. मागल्या शनिवारी, लिंझच्या फोनच्या आधी, दुबईतल्या करामा भागात अर्जदाराच्या घरी त्यांना जबल अलीची जागा घ्या म्हणून सुचवले, तर हसले. म्हणाले, "अगं, ऑस्ट्रियाची कंपनी आहे. माणसाला काढायचं तर तिथं आधी कामगारांच्या परिषदेला कळवावं लागतं, तूच सांगितलंस ना?" सांगितले होते, खरे आहे. पण तो कायदा ऑस्ट्रियात. मुसफ्फाच्या शेडला परिषद नाही आणि तिथला कायदा वेगळा. शिवाय वकील चांगले म्हणजे कंपनी चांगली, असा दाजींनी अर्थ काढला. ते वकील मालकाचे. मालकाचे काम बिनबोभाट करतात म्हणून तर पहिल्या श्रेणीत चालले! सहा वर्षांत अर्जदाराने शेकडो फोन केले असतील. नोकरीवरून काढलेल्या एकाही माणसाला कधी केला नाही. तशी पद्धतच नाही.

६. अर्जदाराने गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे, हे ती विसरलेली नाही. म्हणूनच मंगळवारी सकाळी आधी उपेंद्र सरांकडे गेली. सर म्हणाले, फर्मची लेखी संमती आणा. फर्मला लिहिले. फर्मने कळवले की माहिती अशिलाची आहे, त्यांना विचारा. लिंझच्या बाईंना लिहिले. बाईंचे उत्तर आले की असा काही निर्णय झालेला नाही, तशी शेड बंद करण्याचा विचार नाही, आणि सोमवारी आपले असे बोलणेही झालेले नाही. अर्जदाराने हे उत्तर सरांना दाखवले. सरांनी सांगितले की मग प्रश्नच मिटला, जे नाही ते कोणाला सांगणार? टिपणातून तो मजकूर काढून टाका.

७. अर्जदाराने काढला. त्यानंतर सरांनी सांगितले की फर्मला पहिल्या श्रेणीत घ्यायचे आहे, गतवर्षातील असामान्य कामगिरीबद्दल चार ओळी लिहून रविवारच्या आत पाठवा. अर्जदाराने विचारले, कोणती कामगिरी? जी झालीच नाही ती? सर म्हणाले, "कामगिरी म्हणजे कामगिरी, ऋता. यल्ला, चल, सबमिट कर." तेव्हा आपणच सांगावे, अर्जदाराने काय लिहावे. न झालेले काम न झालेल्या निर्णयानुसार इतके सुरेख पार पाडले की ज्यांच्यावर ते पार पडले त्यांना अजून पत्ता नाही? जर्मनमध्ये लांब शब्द पुष्कळ आहेत. यासाठी अर्जदाराला एकही सापडला नाही.

८. काल सरांनी आणखी एक तोडगा सुचवला की दाजींना तूर्त जेवायला बोलावू नये. म्हणजे तोंडातून काही निसटायला नको. महोदय, दर शनिवारी मुसफ्फाहून दोन तासांची बस पकडून येणाऱ्या माणसाला आपण जेवायला येऊ नका म्हणून कसे सांगतात, ते सरांनी एकदा करून दाखवावे. सुलभाताईचा फोन रोज येतो. कुकर आणू की तिथे मिळतो, गाद्या न्यायच्या की विकायच्या, असे विचारते. अर्जदार म्हणते, बघू. ताई म्हणते, काय गं, तुझा आवाज का असा? अर्जदार म्हणते, एसी लागला. एसी लागण्याची अशी साथ चार दिवस चालू आहे. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आणि भीती वाटते, हे लिहायला अर्जदाराला लाज वाटत नाही.

९. सबब विनंती की, दाजींना पुढील एक वाक्य सांगण्याची परवानगी द्यावी : "दाजी, जबल अलीला हो म्हणा आणि का ते विचारू नका." यात फर्मचे नाव नाही, कंपनीचे नाही, लिंझही नाही. हेही चालत नसेल, तर निदान त्यांच्यासमोर अर्जदाराला रडण्याची मुभा असावी, अर्थ त्यांनी त्यांचा लावावा. तेही कराराविरुद्ध असेल, तर आपण स्वतः त्यांना फोन करावा. आपण मंडळाच्या गणपतीत त्यांच्याच हातची आरास पाहून वाहवा केली होती. एका मराठी माणसाने दुसऱ्याला नोकरी बदलण्याचा सल्ला देणे करारात कोठे मना केलेले अर्जदाराच्या वाचनात आले नाही. आणि यांतले काहीच शक्य नसेल, तर नकार लेखी द्यावा, मराठीत द्यावा, आणि सुलभाताईला समजेल असा द्यावा. कारण तो तिला वाचून दाखवायचे काम अर्जदारावरच येणार आहे.

१०. पहिल्या श्रेणीच्या चार ओळी अर्जदार लिहिणार नाही. त्याबद्दल होईल ती कारवाई तिला मान्य आहे. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, करामातली खोली जाईल, हे सगळे समजून उमजून लिहिले आहे. डोके ठिकाणावर आहे.

आपल्या निर्णयाची वाट अर्जदार सोमवारपर्यंत, महिनाभरसुद्धा पाहील. दाजींच्या हाती मात्र उद्या दुपारपर्यंतचाच वेळ आहे. कृपया लवकर कळवावे.

अजून तरी आपली नम्र कर्मचारी,

(सही)
ऋता जगदाळे
ऑस्ट्रिया विभाग
करामा, दुबई
दिनांक : १० एप्रिल २०२५, गुरुवार

सोबत :
१) लिंझ येथून आलेल्या उत्तराची प्रत.
२) अर्जदाराचे कार्यालयीन ओळखपत्र व लॅपटॉप.

प्रत :
१) श्री. उपेंद्र सर, विभागप्रमुख, माहितीसाठी.
२) श्री. भानुदास शेलार, वेल्डिंग फोरमन, मुसफ्फा, अबू धाबी, माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी. (ही प्रत आज सकाळी पहिल्या बसने जाऊन समक्ष दिली. मूळ अर्ज आपल्या टेबलावर येईल तोवर त्यांची वाचून झालेली असेल.)