लाल दोरा

२२ जुलै, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. आम्ही दोघं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबा त्याच्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्याचं कुणी मनावर घेत नाही.

शेतावरचं म्हणशील तर पालकाला फुलं आली, म्हणजे तो गेलाच. गोगलगाईंनी कोबीच्या दोन ओळी फस्त केल्या. मी रोज सकाळी डबा घेऊन वेचायला जातो आणि त्या रोज नव्याने येतात, दोघांनाही दुसरं काम नसल्यासारखं. फाटकाजवळच्या टेबलावर भाजी बरी खपते. परवा डॉक्टरीणबाई फ्लॉवर परत घेऊन आल्या, आत अळी निघाली म्हणून. बाबा म्हणाले, "फवारलेलं नाही याचा याहून मोठा पुरावा कुठून आणू?" त्या हसल्या आणि दुसरा घेऊन गेल्या. अळी आमच्याकडेच राहिली.

शेजारच्या पोस्टमनकाकांनी कुंपण हिरवं रंगवलं. विचारू नकोस, डोळे दुखतात.

एवढं लिहायला मला चार दिवस लागले. तीन कागद फाडले. तिन्हींवर गोगलगाई आणि कुंपणच होतं.

तू लिहिलंस की बियाणं केंद्राच्या बाई तुला भाज्यांचं बी धरायचं सगळं काम सोपवायला तयार आहेत, आणि एक तारखेला तू त्यांना नाही सांगणार आहेस. तुझ्या मते फुलांच्या दुकानात गुच्छ बांधलेले बरे, तिथे चुकलं तरी कुणाला दवाखान्यात न्यावं लागत नाही. "माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला नाही," असं तू लिहिलं आहेस.

ताई, तुझं काहीच चुकलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, आई गेल्यापासून तू दरवर्षी बी राखून लावायचीस त्या तिच्या भोपळ्याला फुलं आली तेव्हाचं सांगतो. तू नेहमीप्रमाणे संध्याकाळी कळ्या बांधून ठेवल्यास, सकाळी सोडून हाताने पराग लावलास, मधमाशी शिरू नये म्हणून पुन्हा बांधलंस आणि देठाला लाल दोरा घातलास. त्या वर्षी एकच फळ धरलं. मग तुला ताप आला आणि तू चार दिवस पडून होतीस. तिसऱ्या दिवशी मी खताची ढकलगाडी घेऊन वाफ्यातून घुसलो. तू हजारदा सांगितलं होतंस की बांधावरून वळसा घालून जा. चाक नेमकं त्या वेलावरून गेलं. दोऱ्याचं फळ तुटून हातात आलं, माझ्या मुठीएवढं.

शेजारच्या वेलावर तेवढंच दुसरं फळ होतं. मी दोरा सोडला आणि त्याला बांधला. तुझ्यासारखीच गाठ मारली. तुटलेलं फळ खताच्या खड्ड्यात पुरलं. या सगळ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील.

तुझ्या रागाला घाबरलो, एवढंच कारण. भोपळा तो भोपळा, असंही वाटलं. त्या वर्षी पोस्टमनकाकांनी कुंपणावर शोभेचे कडू भोपळे चढवले होते, मधमाश्या दोन्हीकडे जात होत्या, न बांधलेल्या फुलाच्या बियांत तो कडूपणा उतरणार, हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच फळाचं बी लावलं गेलं. पहिली तोडणी टेबलावर गेली आणि मास्तरीणबाईंना तीन दिवस सलाईन लागलं.

बाबा सगळ्यांसमोर तुला काय बोलले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. "त्याला ऊठसूट धांदरट म्हणतेस, पण त्याच्या हातून असं कधी झालं नाही." मी तिथेच उभा होतो, हातात गाजरांची जुडी. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, रात्री बोलू. सकाळी तुझी बॅग दारात होती आणि बियांचा डबा ओट्यावर. त्यानंतर तू मला एकदाही धांदरट म्हणाली नाहीस. पत्रातसुद्धा चि. भाऊ. मला फार लागतं ते.

काल बाबांना सांगितलं. मुळे धूत होतो. ते धूतच राहिले. मग विचारलं, "तिला कळवलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलास? आधी तिला."

हात पुसले, सायकल काढली आणि तो गुडघा घेऊन मास्तरीणबाईंकडे गेले. तासाभराने आले. बाई म्हणाल्या म्हणे, "मीही मूर्खच. कडू लागलं तरी पानात टाकायचं नाही म्हणून संपवलं. पोरीला उगाच घालवलंत." बाबांनी हे मला सांगितलं ते भिंतीकडे बघून. जेवलेही नाहीत.

तुला आणखी एक माहीत नाही. बियांच्या डब्याच्या तळाशी पुडीत, मी दोरा बदलला त्याच्या आधीच्या वर्षाचं थोडं भोपळ्याचं बी होतं, तुझ्या अक्षरातली पुडी. यंदा मी त्यातल्या दहा बिया लावल्या. चार रुजल्या. पहिलं फळ कोवळं असतानाच चिरलं आणि आधी मी जिभेला लावलं. गोड आहे. आईचा भोपळा आहे ताई, तोच.

यंदा कळ्या मी बांधल्या. गाडी बांधावरून नेतो.

तू केंद्राच्या बाईंना हो म्हणालीस तर इथे परत येणार नाहीस, हे मला कळतं. फाडलेल्या कागदांना तेही एक कारण होतं. तू यावंस असं मला वाटतं, रोज वाटतं, पण ते मागायचं तोंड मला नाही. तुझा हात कधीच चुकला नाही, एवढं मात्र एक तारखेच्या आत तुला कळायला हवं. हे पत्र आजच टाकतो.

बाबांना म्हटलं, खाली दोन ओळी लिहा. पेन घेऊन बराच वेळ बसले आणि तसंच परत दिलं. मग डबा काढला, पुडीतल्या पाच बिया मोजून माझ्या हातावर ठेवल्या. "पाकिटात घाल. कुठे लावायच्या ते तिला कळतं."

घातल्या आहेत. कागदाच्या घडीत आहेत, उघडताना सांडू नकोस. पुडीला लाल दोरा बांधला आहे. या वेळी जागच्या जागी.

तुझा,
धांदरट