शेवटच्या प्रसंगातला आवाज

३ जून
निवड माझी झाली. ऑडिशन ताईची होती! मी नुसती तिची बॅग सांभाळत कोपऱ्यात बसले होते. दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "मला हीच हवी. हिला अभिनय करावाच लागणार नाही." सिनेमा एका अबोल मुलीचा आहे.
येताना ताई रस्ताभर फोनमध्ये डोकं घालून. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

११ जून
आई सगळ्यांना सांगत सुटलीय — "आमची मुखदुर्बळ पोरगी आता पडद्यावर." ताई उठून आत जाते. आमची खोली एकच. भिंतीकडे तोंड करून झोपते.

२० जून
शूटिंगने थकले. दिवसभर खिडकीतून बघायचं, एकटीने डबा खायचा, जिन्यात कुणी आलं की अंग चोरायचं. शाळेत रोज करते तेच. इथे सगळे म्हणतात, "किती सहज करते."

२ जुलै
आज शेवटचा प्रसंग. मुलगी शाळेच्या स्टेजवर मनातलं सगळं धडाधड बोलते, मग टाळ्या. मी बराच वेळ नुसती उभी. मग बोलले, पण आवाज घशातच. परत. परत. दिवे सांभाळणारे काका कंटाळून स्टुलावर बसले.
शेवटी मी बाईंना म्हटलं, "ही बोलणार नाही असं वाटतं."
"अगं, मग लोकांनी बघायचं काय? ती तोंड कधी उघडते, याचीच तर वाट बघत बसतात ते."
म्हणजे गप्प असणं हा आजार. सिनेमा संपेपर्यंत बरं व्हायचं.

१९ जुलै
बाईंचा फोन. माझा आवाज चालत नाही. ते भाषण ताईच्या आवाजात घेणार. ताई लगेच हो म्हणाली.
सुटले — असं वाटलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२४ जुलै
डबिंग. ताई काचेपलीकडे, कानांवर हेडफोन. पडद्यावर मी स्टेजवर, अजून गप्प. भाषणाची जागा आली, गेली. ताई बोललीच नाही.
"परत लावा," म्हणाली. परत तेच.
मग तिने हेडफोन काढले. "बाई, ती घाबरलेली नाहीये. नको म्हणतेय. तिचा हा चेहरा मी रोज बघते. इथेच संपवा ना."
बाईंनी प्रसंग आणखी एकदा लावायला सांगितला. मग हळूच म्हणाल्या, "काढा भाषण."
आता ताई सिनेमात कुठेच नाही.